असोद्याची लेक

मंडळी, सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मराठीत बहिणाबाई दोन. एक सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या. दुसऱ्या आमच्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. इंटरनेटवर शोधायला गेलं की दोघींची सरमिसळ होते आणि मुलं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये एकीचा जन्म आणि दुसरीच्या कविता चिकटवून मोकळी होतात! पिंपरी-चिंचवडला तर बहिणाबाई चौधरींच्या नावानं प्राणिसंग्रहालय आहे, त्यामुळे तिकडच्या पोरांना बहिणाबाई म्हटलं की आधी साप आणि मगर आठवते. असो. हा लेख खानदेशच्या बहिणाबाईंवर आहे. मी स्वतः जळगावकडचा. तेव्हा थोडा पक्षपात होणार, तो चालवून घ्या.

असोदे हे त्यांचं गाव. बोलताना सगळे असोदाच म्हणतात. जळगावपासून भुसावळच्या बाजूला जेमतेम सहा-सात किलोमीटर. आता मधली मोकळी जागा भरत चाललीये, पण पूर्वी जळगाव संपलं की लगेच काळी जमीन सुरू व्हायची. काळी म्हणजे किती काळी, हे इथल्या वाळूत राहणाऱ्या आपल्या मुलांना फोटो दाखवूनच सांगावं लागतं. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि पाऊस पडला की तीच जमीन पायाला किलो-किलो चिकटते. उत्तरेला तापी, तिच्या पलीकडे सातपुड्याची निळसर रेघ, दक्षिणेला लांबवर अजिंठ्याचे डोंगर. मध्ये सगळं सपाट. कापूस, ज्वारी, तूर, उडीद, मूग, तीळ, भुईमूग. बांधावर बाभळी, बोरी, निंब. आणि ऊन? इथे आपण पंचेचाळीस डिग्रीचं कौतुक सांगतो ना, जळगावच्या माणसाला ते मे महिन्यात घरबसल्या मिळतं, तेही एसीशिवाय.

अशा या गावात १८८० साली, श्रावणात, उखाजी महाजन आणि भीमाई यांच्या घरी बहिणाचा जन्म झाला. नागपंचमीचा दिवस होता असं सांगतात. घर खाऊनपिऊन सुखी, शेतीवाडीचं, लेवा पाटीदार समाजातलं. घमा, गना, घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी. भावांची नावं एका दमात म्हणून बघा, आईची हाक मारताना किती गल्लत होत असेल! शाळेचा प्रश्नच नव्हता. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीनं तेव्हा पाटी घेऊन शाळेत जायचं ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. बहिणा शेवटपर्यंत निरक्षर राहिली. लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं. हे आपण पुढे लक्षात ठेवायचं आहे.

पण शिक्षण झालंच नाही असंही नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांच्या ओव्या, आखाजीला झोक्यावरची गाणी, भाद्रपदात भुलाबाईची गाणी, देवळातलं भजन-कीर्तन, म्हाताऱ्यांच्या गोष्टी, म्हणी, उखाणे हे सगळं कानावर पडत होतं. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, आमच्याकडे सासरच्या लेकी माहेरी येतात. भर उन्हाळ्यात, शेतात काम नसताना, निंबाला झोके बांधतात आणि चार दिवस मनसोक्त गातात. खानदेशातल्या बाईला विचारा, दिवाळीपेक्षा तिला आखाजीची ओढ जास्त. बहिणाबाईंनी आखाजीवर गाणं रचलंय ते उगीच नाही.

तेराव्या वर्षी, म्हणजे १८९३ च्या सुमारास, लग्न झालं. जळगावच्या खंडेराव चौधरींचा मुलगा नथुजी. अंतर किती? तेच सहा-सात किलोमीटर. आपण रियाधहून दम्मामला चारशे किलोमीटर गाडी मारतो आणि संध्याकाळी परत येतो. पण त्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी ते सहा किलोमीटर म्हणजे दुसरा देश होता. सासूनं जा म्हटल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. माहेरच्या वाटेवर त्यांनी जे रचलंय त्यात तापलेला रस्ता आहे, पायाला बसणारे चटके आहेत, आणि तरीही पाय पळतातच आहेत. त्यात एक योगी त्यांना विचारतो की एवढं माहेरचं गुणगान गातेस तर मग सासरी नांदतेस कशाला? त्यावर बहिणाबाईंचं उत्तर असं की आई सासरी राबते ती आपल्या लेकीला माहेर असावं म्हणून. मी हे शाळेत पाठ केलं होतं, अर्थ दोन मार्कांपुरता कळला होता. मुलगी झाल्यावर आणि दर जुलैत बायकोच्या माहेरच्या बॅगा भरताना पाहिल्यावर पूर्ण कळला.

जळगाव तेव्हा झपाट्यानं वाढत होतं. त्याची गंमतशीर पार्श्वभूमी अशी की १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला अचानक भाव आला. त्याच दशकात मुंबईहून रेल्वे आली. मग जिनिंग आलं, प्रेस आले, कापडाची गिरणी आली, व्यापारी पेढ्या आल्या. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण बनलं. म्हणजे बहिणाबाईंच्या डोळ्यांदेखत एक कसबा शहर होत होता. त्या हे सगळं बघत होत्या. छापखाना बघितला, त्यावर गाणं रचलं. कोरा कागद आत जातो आणि शहाणा होऊन बाहेर येतो, ही त्यातली गंमत. निरक्षर बाईनं छापखान्याकडे इतक्या मिश्कीलपणे बघावं!

पण मुळात आयुष्य शेताचंच. पहाटे उठून घरोटावर दळण (घरोट म्हणजे जातं), मग झाडलोट, शेण, भाकऱ्या, मग शेत. मृगाचा पाऊस झाला की तिफणीनं पेरणी. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. एकजण बैल हाकतो आणि बाई चाड्यावर मूठ धरून बी सोडत जाते. मूठ सैल पडली तर बी दाट, आवळली तर विरळ. हे गणित कुठल्या पुस्तकात नाही, हाताला कळतं. मग निंदणी, मग कापसाची वेचणी, ज्वारीची कापणी. खळ्यावर कणसं पसरून त्यावर बैल गोल गोल फिरवायचे, ती रगडणी. मग उपणणी. तिव्यावर उभं राहून टोपलीतून रगडलेलं धान्य हळूहळू खाली सोडायचं, दाणे सरळ खाली पडतात आणि भुसा वाऱ्यावर बाजूला जातो. पण वारा हवा ना! वारा पडला की टोपली हातात धरून नुसतं उभं राहायचं. बहिणाबाईंची उपणणीची कविता वाऱ्याची विनवणी करते. ज्यानं ते काम केलंय त्यालाच ती विनवणी किती खरी आहे ते समजेल. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी या प्रत्येक कामाला त्यांचं एक गाणं आहे. शेतीचं अख्खं वर्ष त्यांनी गाऊन ठेवलंय असं म्हटलं तरी चालेल.

मोटेवरही आहे. आता मोट म्हणजे काय हे माझ्या मुलीला समजावताना माझी दमछाक झाली. चामड्याची मोठी पिशवी, ती विहिरीत सोडायची, बैल उतारावर खाली चालत जातात तशी दोराला ओढ बसून ती भरून वर येते, थारोळ्यात पाणी ओतते, बैल मागे सरकत परत येतात. शेवटी सोपा मार्ग सापडला. इथे नजदमध्ये पंप येण्याआधी हुबेहूब हीच पद्धत होती! उंट, बैल किंवा गाढवं उतारावरून चालायची, चामड्याचा बोका वर यायचा. त्याला सवानी म्हणतात. लाकडी चाकांचा कुरकुर आवाज आणि त्या तालावर रात्रभर गाणारा माणूस, हेही तसंच. त्या गाण्यांतही लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी रचलेली पुष्कळ होती. अल-अहसाला गेलात, तिथल्या खजुरांच्या बागांतून फिरलात, की एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जरूर विचारा. अल-अहसा २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथे पंचवीस लाखांवर खजुराची झाडं आहेत. आपण पिकनिकला जाऊन नुसते फोटो काढून येतो. पण पाणी, माती आणि कष्ट यांचं नातं असोद्याला जे, तेच तिथे.

परत जळगावला येऊ. बहिणाबाईंना काशी ही मुलगी आणि ओंकार, सोपान हे दोन मुलगे झाले. सोपानचा जन्म १९०७ चा. आणि बहिणाबाई तिशीच्या आसपास असताना नथुजी गेले. सोपान तेव्हा दोन-तीन वर्षांचा. खटल्याच्या घरात नवरा नसलेल्या बाईची आणि तिच्या पोरांची काय किंमत असते हे मी नव्यानं सांगायला नको. त्यात वाटण्या. त्या काळी प्लेगनंही ठाण मांडलं होतं. १८९६ ला मुंबईत आला तो पुढे कित्येक वर्षं गावोगाव फिरत राहिला. लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे. ओंकारला प्लेग झाला. जीव वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं.

इथे बहिणाबाई मला सगळ्यात मोठ्या वाटतात. रडल्या नसतील असं नाही, रडल्याच. त्यांच्या गाण्यांत ते आहे. पण लगेच पुढे डोळे पुसलेलेही आहेत. ज्योतिषी दारात आला तर त्याला त्या सांगतात की बाबा, माझ्या हातावरच्या रेषा बघू नकोस, माझं नशीब मला माहीत आहे, तू पुढचं घर बघ. कपाळाचं कुंकू गेलं, हातातल्या बांगड्या गेल्या, पण हात शाबूत आहेत ना, हा त्यांचा हिशोब. आणि मग त्याच हातांनी निंदणी, वेचणी, दळण. पोरं वाढवली. धाकट्याला शाळेत घातलं. स्वतःला अक्षर ओळखू येत नसताना मुलाच्या हातात पुस्तक दिलं, आणि तिथूनच पुढची सगळी गोष्ट घडली.

काम करताना त्या गायच्या, रचून गायच्या. कुणाला ऐकवायचं म्हणून नव्हे, हाताला ताल हवा म्हणून. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर सगळा डेटा मेमरीत, हार्ड डिस्कच नाही, बॅकअपचं तर नावच नको! वीज गेली की गेलं. असं किती गेलं असेल याचा हिशोब लावता येत नाही. सोपान शाळकरी असताना एकदा घरी आला आणि पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यानं आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं त्यावर गाणं तयार! आपल्या बोलीत, आपल्या पद्धतीनं. मुलगा चकित झाला आणि त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. तेव्हापासून सोपान आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी, दोघं जमेल तेव्हा, सापडेल त्या कागदावर आईची गाणी टिपू लागले. शेतात, चुलीपाशी, जात्यापाशी. जेवढं टिपलं तेवढं वाचलं.

या गाण्यांची भाषा हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय. लेवा समाजाची बोली, तिला लेवा गणबोली म्हणतात. खानदेशी आणि वऱ्हाडी या दोघींशी तिचं नातं आहे. 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, फळाचं फय. 'मला' नाही 'माले', 'तुला' नाही 'तुले'. मी इंजिनिअरिंगला पुण्यात गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात होस्टेलवर तोंडातून 'माले' गेलं, आणि पुढची चार वर्षं तेच माझं टोपणनाव झालं. गंमत बघा, त्याच पोरांनी गॅदरिंगला बहिणाबाईंचं गाणं म्हणून टाळ्या घेतल्या. गाण्यात गोड लागणारी बोली माणसाच्या तोंडात गावंढळ का वाटते हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. माझी आई इथे व्हिजिटवर येते तेव्हा सोसायटीतल्या बायकांशी पुस्तकी मराठी बोलते आणि स्वयंपाकघरात माझ्याशी आमची. माझ्या मुलीला दोन्ही ऐकू येतात. ती आजीला परवा म्हणाली, माले नको. आजी दिवसभर खुशीत होती.

बहिणाबाई जे बघतात ते आपणही बघितलेलं असतं, पण त्यांच्या डोळ्यांनी नाही. वडाची लाल फळं बघून त्यांना झाडावर पोपटांचं पीक आल्यासारखं वाटतं. मनाला त्या उभ्या पिकात घुसणाऱ्या गुराची उपमा देतात, कितीही हाकला, परत तिथेच. संसाराला चुलीवरच्या तव्याची. सुगरण पक्षिणीचा खोपा बघून तिला हात नसताना केलेल्या कारागिरीची वाहवा करतात आणि जाता जाता दोन हात असलेल्या माणसाला टोला देतात. यातलं काहीच पुस्तकातून आलेलं नाही. पुस्तक त्यांना वाचताच येत नव्हतं. माणसाच्या कृतघ्नपणावर मात्र त्या फार कडक बोलतात, तिथे गोडवा नाही. शाळेच्या पुस्तकांत गोड बहिणाबाईच जास्त येतात, कडक बहिणाबाई त्या मानानं कमी, ही माझी तक्रार आहे.

सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून महाराष्ट्रात गाजले. त्यांच्या स्वतःच्या कविता छापून येत होत्या, व्यासपीठावर ते रंगत आणत. पण आईची वही घरातच राहिली. खेडवळ बोली, ओवीचा छंद, शेतातल्या बाईची रचना. शहरातले विद्वान काय म्हणतील हा संकोच असावा. ३ डिसेंबर १९५१ ला जळगावात बहिणाबाई गेल्या. एकाहत्तर वर्षांच्या होत्या. आपण कवयित्री आहोत हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या हसल्या असत्या.

त्यानंतर सोपानदेवांनी भीत भीत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे म्हणजे काय प्रकरण होतं हे आपल्या आधीच्या पिढीला माहीत आहे. आवडलं नाही तर सालटी काढणारा माणूस. पण त्यांनी ती गाणी ऐकली आणि ते हरखूनच गेले. हे शंभर नंबरी सोनं आहे, हे दडवून ठेवायचं नसतं, अशा अर्थाचं बोलून त्यांनी पुस्तक काढायचाच आग्रह धरला आणि स्वतः प्रस्तावना लिहिली. १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झालं. आई जाऊन वर्ष होत होतं. ज्या छापखान्याचं तिनं कौतुक केलं होतं त्यातून तिचेच शब्द शहाणे होऊन बाहेर आले, पण बघायला ती नव्हती. असती तरी तिला वाचता आलं नसतं, कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं. बहुधा सोपाननंच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून त्यांची गाणी घराघरात गेली, रेडिओवर लागली, बालभारतीत आली. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. शाळेत न गेलेल्या बाईचं नाव आता हजारो डिग्री सर्टिफिकेटांवर छापलं जातं. सोपानदेव १९८२ मध्ये गेले. त्यांच्या कविता आज फार कुणी म्हणत नाही, आईच्या म्हणतात. मला नाही वाटत त्यांना त्याचं वाईट वाटलं असतं.

या सुट्टीत देशात जाऊन जळगावला उतरणार असाल तर जुन्या जळगावात चौधरीवाडा विचारा. बहिणाबाईंच्या वापरातल्या घरातल्या आणि शेतातल्या वस्तू तिथे जपून ठेवल्या आहेत. मुलांना नक्की दाखवा, मोटेचं आणि तिफणीचं जे मी वर लिहिलंय ते जरा सोपं होईल. तिथून असोद्याला रिक्षानं अर्धा तास. जमलं तर थंडीत जा. असोद्याची भरताची वांगी तेव्हाच येतात, हिरवी, मोठी, काड्यांवर भाजायची. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या पिठाची. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. इथल्या सुपरमार्केटमधल्या काळ्या वांग्याचं भरीत मी करून पाहिलं, गॅसवर. आईनं एक घास खाल्ला आणि काही बोलली नाही.